बसवण्णाचा सोमवार

गुरुवार, २४ फेब्रुवारी १९८३

नवी वही, नवा जिल्हा आणि जुना ट्रक. लातूर जिल्हा झाला तेव्हा अहमदपुरात लोकांनी पेढे वाटले. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेला म्हणायचा. विहिरींचे तळ दिसून राहिले आणि साहेब लोक टँकरला गाड्या हुडकत फिरत आहेत. म्हणून तर आज आमच्या बसवण्णाला पाठीवर पाण्याचा टँकर बसवून सरकारी काम लागलं!

बसवण्णा म्हणजे आमचा ट्रक. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, लष्कराच्या लिलावातून आणलेला, पेट्रोलवरचा. आता सगळीकडं डिझेलच्या गाड्या. भंगारवाला महिन्यातून एकदा येऊन चाकांकडं बघून जातो, मेल्याला एकदा लाथ घालणार आहे मी. ओव्हरसियर साहेबांनी बॉनेट उघडून नाक मुरडलं. "हे अजून चालतं?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या डिझेलच्या गाड्या धापा टाकतील, हा टाकायचा न्हाई." कोळवाडीचं पाणी माझ्याकडं दिलं. खेपा चुकायला लागल्या तर यादीतून नाव काढीन म्हणाले. नाव निघालं की बसवण्णा भंगारात, हे मला लख्ख कळतं. या ट्रकाला दुसरं काम आता कोण देणार?

सोमवारची सुटी मी आधीच मागून घेतली. सोमवारी आमच्यात बैलाला जू लावत नाहीत. ट्रक दारात आला तेव्हा अव्वानंच, म्हणजे आईनंच, त्याला ओवाळून नाव ठेवलं आणि बजावलं, बैल तसाच हा. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढायचे, चावी देव्हाऱ्यात ठेवायची, ती मंगळवारी पहाटे उचलायची. सोमवारी मी उपवास धरून दिवसभर मठात असतो. अव्वा घरी देवापाशी बसून असते, त्यामुळं चावीची चिंता नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी

चिंचहळ्ळीहून सिद्रामप्पा मामा आले. अव्वाचा सख्खा भाऊ, पण दुष्काळानं पार वाळून गेले. त्यांच्या गावाला टँकर नाही. गाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. लातूरवाले म्हणतात तुमचं दप्तर आमच्याकडं आलं नाही, नांदेडवाले म्हणतात तुम्ही आमचे नाहीतच. बाया शिवारातल्या झऱ्याची माती उकरून वाटीवाटीनं पाणी काढून राहिल्या.

मामा म्हणाले, "मन्मथ, आठवड्याला एक खेप टाक बाबा. सोमवारी तर गाडी उभीच हाय."

मला वाईट वाटलं. वाटणारच. पण सरकारी यादीत नसलेल्या गावात गाडी दिसली तर नाव कटलंच. आणि सोमवार म्हणजे सोमवार. मी स्पष्ट नाही म्हटलं. धाकटा भाऊ मलप्पा तोंड फुगवून उठून गेला. माझी बायको शिवगंगा चुलीकडं तोंड करून बसली. अव्वा तेवढी म्हणाली, "बरोबर हाय तुझं. सोमवार मोडायचा न्हाई."

आपल्या सख्ख्या भावापुढं अव्वानं माझी बाजू घेतली! या घरात माझं मन जाणणारी तीच एक.

मंगळवार, ८ मार्च

आज फजिती झाली. पहाटे बसवण्णा सुरूच होईना. चोक ओढला, हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा कुठं खोकत, ठसकत, काळा धूर ओकत सुरू झाला. कोळवाडीच्या चढाला दम तुटला. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या, आणि मी चढाच्या खाली. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या गाडीपेक्षा माझं गाढव बरं." ऐकून घेतलं, काय करता?

शनिवारपर्यंत तर रेशमासारखा चालत होता. मलप्पाला म्हटलं, कार्बोरेटर गेला असणार. तो म्हणाला, "असंल, अण्णा." आज दिवसभर पेंगतच होता. काल घरी आराम केला तरी याची झोप पुरत नाही.

शुक्रवार, ११ मार्च

अंगणात पोतं अंथरून कार्बोरेटर खोलला. मला यातलं कळतं, आप्पांनी हाताला धरून शिकवलंय. आतल्या वाटीत तरंगणारा फ्लोट कानापाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल खुळखुळलं. गरम पाण्यात बुडवला तर बारीक बुडबुडे. म्हणजे फ्लोटला भोक. त्याला डाख लावला, आणि डाखानं फ्लोट जड होऊ नये म्हणून डाखच कानशीनं घासून पातळ केला. जेटच्या बारीक भोकात तार घालणारे गाढव असतात, तारेनं भोक मोठं होतं. मी घोड्याच्या शेपटीचा केस फिरवला आणि फुंकर मारली. पण मुख्य दुखणं थ्रॉटलच्या दांडीचं आहे. दांडी इतकी झिजली की भोकात डुगडुगते आणि बाजूनं हवा ओढते.

आता निवड करायची. लातूरला जीपचा नवा कार्बोरेटर मिळतो, मधे पट्टी टाकून बसवता येतो, पण जीपचा घास या इंजिनाला पुरायचा नाही. हदगावला कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात आमच्यासारखाच ट्रक मरून पडलाय, त्याचा काढून आणता येईल, पण तो आतून कसा आहे कुणी बघितलंय? तिसरा मार्ग, आपल्याच कार्बोरेटरला नांदेडला कमरोद्दीन मिस्त्रीकडून लेथवर दांडीच्या भोकाला नवा बुश करून घ्यायचा. मी हाच धरला. आप्पांच्या हातची वस्तू आहे.

फ्लोटच्या वाटीत तळाला तेलकट गाळ होता, त्याला रॉकेलसारखा वास आला. पंपावरच भेसळ करून राहिले असतील लेकाचे. दुष्काळात माणूसही आटतं.

गुरुवार, १७ मार्च

काल पिशवीत कार्बोरेटर घालून एसटीनं नांदेड. कमरोद्दीन मिस्त्री आप्पांच्या वेळचा. बोलणं असं की आजूबाजूच्या चार दुकानांना ऐकू जावं, आणि बढाया तर विचारूच नका, निझामाची मोटार म्हणे त्याच्या बापाशिवाय सुरूच होत नव्हती. पण हात सोन्याचा. बुश असा बसवला की दांडी लोण्यात फिरावी. म्हणाला, "जाव सेठ, अब दुल्हन के जैसा चलेगा."

आज बसवला. पहिल्या हाकेला ओ दिली बसवण्णानं! कोळवाडीच्या चढाला मी मुद्दाम हॉर्न वाजवला. त्या म्हातारीनं बघावं म्हणून.

मंगळवार, २२ मार्च

पुन्हा तेच. तोच खोकला, तोच धूर. प्लग काढले तर काजळीनं माखलेले. एक खेप पूर्ण बुडाली. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "मन्मथप्पा, आता पुढच्याला मी ऐकणार नाही." मान खाली घालून उभा राहिलो. चाळिशी उलटलेला माणूस मी.

कमरोद्दीननं गंडवलं! बुश जुनाच घासून घातला असणार. आप्पांच्या वेळचा म्हणून डोळे मिटून विश्वास टाकला. कुणावर टाकावा आता?

राग डोक्यात असला की बारीकसारीक गोष्टीही सलतात. बॉनेटवरची विभूती पुसटलेली होती, मलप्पाची पोरं चढून खेळतात, त्यांना दटावलं. टँकरचा तळ ओला होता, शनिवारचं पाणी अजून वाळलं नाही म्हणायचं. आणि भाकरीची टोपली रिकामी. काल माझा उपवास, अव्वाचा उपवास, मग एवढ्या भाकरी खाल्ल्या कुणी? शिवगंगा म्हणाली, "भिकारी लई येतेत आजकाल." हिचा हात फार सैल.

बुधवार, २३ मार्च

नांदेडला जाऊन कमरोद्दीनला त्याच्याच दारात उभा धरला. दगाबाज म्हटलं, बेइमान म्हटलं. चार दुकानांना माझंही ऐकू गेलं. त्यानं कार्बोरेटर हातात घेतला, वाटी उघडून हुंगली आणि हसला.

"सेठ, ये ट्रक का हे की मळे के पंप का? घासलेट की बू आरई इसमें. मेरे बुश को कायकू बोलते? घर में पूछो, कौन पिलाता घासलेट."

घरात विचारा! माझ्या घरात! मी म्हटलं, "माझ्या घरच्यांचं नाव काढलंस तर जीभ हासडीन." त्यानं वाटी बंद केली. मग म्हणाला, "तुम्हारे अब्बा होते, तो मेरे को ये नै बोलते." आणि कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका म्हणाला.

नाही चढत. माझा भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही, बायको मान वर करत नाही, आई तर देवाच्या जागी. बाहेरच्या माणसानं येऊन आमच्यात रॉकेल ओतायचं काम नाही.

बुधवार, ३० मार्च

हदगावला जाऊन जिनिंगच्या आवारातल्या त्या ट्रकाचा कार्बोरेटर आणला. आत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. कालच्या मंगळवारीही रड होतीच, ती लिहायला बसलो नाही. आज दोन्ही उघडून समोर ठेवले आणि याचं चांगलं ते त्यात घातलं. अंग हदगावचं, फ्लोट आणि जेट आपले. पॅकिंग नव्या कागदाचं कापलं. पेट्रोल अडवणाऱ्या नीडलची सीट राखेनं घोळून घोळून चकचकीत केली. मलप्पा शेजारी बसून वस्तू हातात देत होता. एकदा म्हणाला, "अण्णा, एवढा जीव नका आटवू. मंगळवारचं सोडलं तर चालतीय की गाडी."

मी म्हटलं, मंगळवारीच का अडते हेच तर कळत नाही. तो वाटी पुसत राहिला.

मंगळवार, ५ एप्रिल

सगळं नवं, तरी मंगळवार तोच. अर्धा दिवस गेला. शेवटची ताकीद मिळाली.

पण आज उलगडा झाला! मंगळवारीच का, तर सोमवारी उभी असते म्हणून. दिवसभर उन्हात उभी राहून वाटीतलं पेट्रोल उडतं, गाळ घट्ट होतो, नीडल चिकटतं. म्हणजे विसावाच तिला बाधतो. आप्पांच्या वेळेपासूनचा सोमवार, तोच बसवण्णाला भंगारात नेऊन राहिला.

जड मनानं अव्वापाशी गेलो. म्हटलं, "अव्वा, सोमवारी नुसतं घटकाभर इंजिन सुरू करू का? गाडी जागची हलवणार न्हाई. मठात न जाता घरीच थांबतो."

अव्वाची जपमाळ थांबली. म्हणाली, "न्हाई रं. तू मठात जा. सोमवार मोडू नको."

केवढी निष्ठा! ट्रक गेला तरी चालेल, पण सोमवार राहायला पाहिजे. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवार, ११ एप्रिल

मठात मन लागेना. नीडल डोळ्यांपुढं. शेवटी ठरवलं, अव्वाला न सांगता घरी जायचं, कार्बोरेटरची वाटी तेवढी उघडून बघायची, चिकटलंय का खरंच. पाप लागलं तर लागलं. दुपारीच निघालो.

अंगणात बसवण्णा नाही.

पहिल्यांदा वाटलं चोरी झाली. ओरडतच घरात शिरलो. देव्हाऱ्यात चावी नाही. अव्वा समोर बसलेली, डोळे मिटून. शिवगंगा मला बघून भिंतीला टेकली, पण "अगं बाई, काय झालं" असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. तेव्हा मला कळलं, ही चोरी नव्हे.

"अव्वा, चावी कुठाय?"

"मी दिली मलप्पाला. चिंचहळ्ळीला गेलाय."

"कधीपासनं?"

"सिद्राम येऊन गेला, त्याच्या पुढल्या सोमवारपासनं."

"आन् रॉकेल?"

"पेट्रोल घेतलं असतं तर तुला टाकीत कळलं असतं. गावानं रॉकेल दिलं."

कमरोद्दीनचं हसणं मला जसंच्या तसं आठवलं. मी काय काय बोललो आज, ते सगळं लिहवत नाही. म्हटलं, "सोमवार तूच शिकवलास ना मला? मागल्या मंगळवारी मी तुझ्या पायाशी येऊन विचारलं, तेव्हाबी मला मठात धाडलंस! मी तिथं उपाशी बसायचं, आन् इकडं तू चावी द्यायची, हिनं भाकरी बांधायच्या, त्यानं गाडी हाकायची. समदं घर एका बाजूला, आन् मी एकटा येडा!"

अव्वानं डोळे उघडले. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सोमवार बैलाचा, मन्मथ. लोखंडाला नाव मी ठेवलं, तवा माझ्या सख्ख्या भावाचं गाव तहानंनं मरंल असं ठाऊक नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास. मग मला तुझ्या शब्दाबाहेर जावं लागलं असतं. म्हणून विचारलं न्हाई."

"आन् मी देवाच्या भरवशावर चावी ठेवत होतो!"

"देवापाशीच होती की."

मी अंगणात जाऊन ट्रकाच्या मोकळ्या जागेवर बसून राहिलो. मलप्पा दिवेलागणीच्या आधी आला. मला पाहून त्यानं गाडी फाटकातच बंद केली आणि उतरलाच नाही. सीटवर बसून रडला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

कुणाशी बोललो नाही. आज मलप्पानं आणि मी हँडल मारलं, पण एक अक्षर नाही. शिवगंगानं ताट वाढलं, "आवं, दोन घास खा" म्हणाली. ताट सरकवलं. सोळा आणे खरी बायको समजत होतो.

पाण्याचं दुःख नाही मला. त्यांनी मला न विचारता दिलं, याचंही नाही. मी काय म्हणणार हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि ते बरोबर होतं, याचं आहे. माझ्याच घरात मी बंद फाटकासारखा, ज्याला वळसा घालून जायचं.

गुरुवार, १४ एप्रिल

नांदेडला गेलो. कमरोद्दीनच्या दुकानाची पायरी चढलो नाही, खालीच उभा राहिलो. म्हटलं, "मिस्त्री, रॉकेल घरातच होतं."

त्यानं स्पॅनर पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "मालूम था." बढाई नाही, हसणं नाही. त्यानं मला ओरडायला पाहिजे होतं, बरं वाटलं असतं. चहा मागवला, पण वर ये म्हणाला नाही. मी खाली उभ्यानंच प्यालो.

शुक्रवार, १५ एप्रिल

दुपारची खेप टाकून सायकलनं चिंचहळ्ळी गाठली. मामाला जाब विचारायचा होता. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली तिखट.

पोचेपर्यंत अंधारून आलं. आधी वाटलं वाट चुकलो. गावच दिसेना. कुत्री भुंकली म्हणून कळलं की गाव इथंच आहे. एकाही घरात दिवा नाही. माणसं काळ्या सावल्यांसारखी दारात बसलेली. मामांच्या घरी देवापुढं शेंगदाण्याच्या तेलाची वात तेवढी, तिच्या उजेडात मामी भाकरी थापत होत्या.

"दिवे का न्हाईत गावात?" मी विचारलं.

"आवो, रेशनचं रॉकेल समदं गाडीला देतोत की," मामी म्हणाल्या. "घरटी चिमणी रिकामी करून डबा भरतोत. पोरांना लवकर निजवायचं. अंधारात जेवता येतंय, पाण्याबिगर न्हाई."

मामांनी तांब्या आणून दिला. पाणी आम्ही टँकर भरतो त्याच विहिरीचं, चवीवरून कळलं. मामा म्हणाले, "तुझे लई उपकार हायत, मन्मथ. तुझ्या आईनं, गुरम्मानं सांगावा धाडला मलप्पाजवळ, की मन्मथनंच धाडलंय."

माझं नाव सांगितलं अव्वानं! गावात माझं नाव चालू आहे, आणि मलाच पत्ता नाही. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. भाकरी खाऊन परत आलो.

रविवार, १७ एप्रिल

सकाळपासून दोन्ही कार्बोरेटर घेऊन बसलो. या खेपेला निवड सोपी होती. हदगावचं अंग ठेवलं, पण मुख्य जेट बदलला, थोड्या मोठ्या भोकाचा घातला. रॉकेल पेट्रोलपेक्षा सुस्त, त्याला वाट रुंद लागते. शिवाय टाकीजवळ रॉकेलसाठी एक लहान डबा बसवला आणि दुहेरी कॉक, म्हणजे दोन्हीकडं वळणारी तोटी. मळ्यातल्या पंपाच्या इंजिनाला असतो तसाच. सुरू करताना पेट्रोलवर, तापलं की रॉकेलवर, आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर. म्हणजे वाटीत रॉकेल राहत नाही आणि मंगळवारी सकाळी इंजिन अडत नाही. शेतातलं शेंबडं पोरगंसुद्धा हे जाणतं. माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्यासाठी आधी घरातल्यांवर संशय घ्यावा लागला असता.

मलप्पा लांबून बघत होता. कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा हे मी दोनदा मोठ्यानं पुटपुटलो. त्याच्याशी बोललो नाही.

हे सगळं इंजिनाच्या काळजीपोटी. दुसरं काही नाही.

संध्याकाळी बॉनेटवर विभूती लावली. चावी देव्हाऱ्यात ठेवली. अव्वा तिथंच होती. तिनं चावीकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

मंगळवार, १९ एप्रिल

पहिल्या हाकेला सुरू. धूर नाही, खोकला नाही. कोळवाडीची खेप वेळेच्या आधी. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "काय जादू केली, मन्मथप्पा?" मी म्हटलं, "विसावा मानवला, साहेब." शेजारी मलप्पा एकदम खाली वाकून चप्पल नीट करायला लागला.

शिवगंगाशी आज दोन शब्द बोललो, मीठ कमी आहे एवढेच. अव्वाशी अजून नाही. ती जेवायला वाढते, मी जेवतो. कधी बोलेन, माहीत नाही. मन तिकडं वळतच नाही. बॉनेटवरची विभूती आज पुसटलेली होती, ती मीच पुन्हा ठीक केली.

मी कुणालाही माफ केलेलं नाही. फक्त सोमवारी मठातून दिवेलागणीच्या आधी घरी यायचं नाही, एवढं ठरवलं आहे.